एका पाळीतला अल्बम

आबांना पाऊस ऐकूच आला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सुरतला घरी गेलो होतो. दुपारची वेळ, लूमची खाती बंद, गल्ली चिडीचूप. (सुरतेत लूमच्या कारखान्याला 'खातं' म्हणतात. बँकेशी त्याचा संबंध नाही, आमच्या बाबतीत तर अजिबातच नाही.) मी माझा हेडफोन आबांच्या कानांवर चढवला, मोबाइलवर 'ब्लॅक सॅबथ' या बँडचा पहिला अल्बम लावला आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. हा अल्बम पावसाने सुरू होतो. संततधार पाऊस, लांबून चर्चची घंटा, मग ढगांचा गडगडाट, आणि तीस-पस्तीस सेकंदांनी एकदम गिटार कोसळते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हॉस्टेलच्या खाटेवर मी दचकून उठून बसलो होतो. आबा मात्र समोरच्या कॅलेंडरकडे शांतपणे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी एक कान मोकळा केला आणि विचारलं, "चालू नही व्हयनं का आजून?"

चालू झालं होतं. पण पंचवीस-तीस वर्षं शटल लूमवर काढलेल्या माणसाचे कान बारीक, उंच आवाज आधी सोडून देतात. पाऊस, पैंजण, प्रेशर कुकरची दूरची शिट्टी, लहान मुलाचं बोलणं. जाड आवाज राहतात. आबांना पाऊस गेला, घंटाही बहुतेक गेली. गडगडाटापासून त्यांचा अल्बम सुरू झाला.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. मागच्या ऑगस्टमध्ये कॅन्टीनमध्ये मी एक गोष्ट सांगितली होती. तेव्हा वाङ्मय मंडळातले पाच-सहा जण टेबलाभोवती होते, त्यांतले बरेच हा अंक वाचतील. त्या गोष्टीतलं एक वाक्य खोटं होतं. ते दुरुस्त करायचंय. त्यासाठी जरा मागून सांगावं लागेल.

आम्ही मूळचे अमळनेर तालुक्यातले. आबा लग्नाआधीच सुरतला आले. धुळे, नंदुरबार, जळगावकडून तापी लाइनच्या भुसावळ पॅसेंजरने येऊन उधन्याला उतरलेली हजारो माणसं लिंबायत, डिंडोली, पांडेसऱ्यात राहतात, त्यातलेच आम्ही. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती, आणि शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. पुढे गुजराती पोरांबरोबर शिकायला लागलो तेव्हा इतिहासाच्या तासाला 'तुम्ही लोकांनी आमचं शहर दोनदा लुटलं' असं ऐकायला मिळायचं. 1664 आणि 1670. लुटीतलं आमच्या वाट्याला काय आलं ते लिंबायतमध्ये येऊन बघा, असं म्हणावंसं वाटायचं. म्हटलं कधीच नाही.

लूमचा आवाज ज्याने ऐकला नाही त्याला सांगणं अवघड आहे. एका शेडमध्ये चाळीस-पन्नास लूम. प्रत्येकावर धोटा एका बाजूने ठोसा खाऊन दुसऱ्या बाजूला जातो, तिथून ठोसा खाऊन परत येतो, मिनिटाला शंभराहून जास्त वेळा. सगळे मिळून शंभर डेसिबलच्या आसपास जातात. आत माणसं बोलत नाहीत, हातवारे करतात. चहा, बीम संपला, शेठ आला, या प्रत्येकाला खूण आहे. बारा तासांची पाळी, पगार मीटरवर. घरी आल्यावर आबा मोठ्याने बोलतात. आमच्या घरात साधी मिठाची चौकशी चालू असली तरी बाहेरच्याला भांडण वाटतं. माझाही आवाज तसाच आहे. लायब्ररीत मला तीनदा समज मिळालीय ती यामुळे.

खात्याबाहेर आबांची ओळख ढोलकीवाले अशी होती. श्रावणात कानबाई बसली की आमच्या गल्लीत रात्रभर जागरण, आणि ढोलकी आबांचीच. मला ते अंधुक आठवतं. मी मायच्या मांडीवर, रोटांचा वास, आणि आबांची उजवी बोटं इतक्या वेगाने फिरायची की दिसायची नाहीत. एरवी बारा तास दुसऱ्याच्या ठेक्यावर राबणारा माणूस त्या रात्री सगळ्या गल्लीला आपल्या ठेक्यावर नाचवायचा. हे वाक्य मला आत्ता सुचलंय, तेव्हा मी सहा वर्षांचा होतो.

मी पहिलीत असताना आबांचा हात लूममध्ये गेला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींची वरची पेरं. एवढंच मला माहीत होतं. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही. वीस-बावीस दिवसांनी ते पुन्हा पाळीवर गेले. ढोलकी गल्लीतल्या दुसऱ्या एकाकडे गेली, आबा टाळ वाजवायला लागले. शाळेत पालकसभेला आले की उजवा हात खिशात. फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी दहावीपासून 'टेक्स्टाइल' लिहायला लागलो. सुरतेत हा शब्द फार सोयीचा आहे. गिरणीचा मालकही टेक्स्टाइलमध्ये असतो आणि बॉबिन भरणारी बाईही.

मग मुंबई, आपलं कॉलेज, हॉस्टेल. माझा रूममेट वसईचा. रविवारी चर्चच्या क्वायरमध्ये गिटार वाजवतो आणि उरलेले सहा दिवस मेटल ऐकतो. त्यात त्याला काही विसंगती वाटत नाही. त्याच्या आजीला मात्र वाटते, तिने त्याचा एक टी-शर्ट चुलीत घातलाय. त्यानेच मला धोबी तलावजवळचं रंगभवन दाखवलं. 1986 मध्ये सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' तिथे गाजायचा, अख्ख्या मुंबईतली रॉकवाली पोरं तिथे जमायची, पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात ते सगळं बंद झालं. मी बाहेर उभा राहून विचार करत होतो की शांतता क्षेत्र नावाची गोष्ट लिंबायतला कुणी कधी जाहीर करेल का. मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन'चा 2000 सालचा पहिला अल्बमही त्याने ऐकवला. मला आधी सगळं सारखंच वाटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं, हे ऐकायला मुंबईला कशाला यायचं, आमच्याकडे फुकट आहे.

'मग मुळापासून ऐक,' असं म्हणून त्याने ब्लॅक सॅबथ लावलं.

बँडचं नाव, अल्बमचं नाव आणि पहिल्या गाण्याचं नाव एकच. आधी ते 'अर्थ' नावाने वाजवायचे, पण त्याच नावाचा आणखी एक बँड निघाला म्हणून बोरिस कार्लॉफच्या 1963 सालच्या एका भयपटाचं नाव उचललं. चौघेही बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागातले, म्हणजे कारखान्यांच्या शहरातले. गायक ऑझी ऑस्बर्नने मोटारींचे हॉर्न तपासायचं काम केलं होतं, कत्तलखान्यात केलं होतं. गीझर बटलर बास वाजवायचा, तो आयरिश कॅथलिक घरातला. ड्रम्सवर बिल वॉर्ड. आणि गिटारवर टोनी आयोमी.

16 ऑक्टोबर 1969 ला हे चौघे लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत गेले आणि बारा एक तासांत अख्खा अल्बम वाजवून बाहेर पडले. निर्माता रॉजर बेन. एकत्र उभं राहून, रोज पबमध्ये वाजवायचे तसंच. सुरुवातीलाच आयोमीच्या गिटारचा पिकअप गेला तर त्याने दुसरी गिटार उचलली, थांबले नाहीत. वाजवून झाल्यावर बँड पुढच्या कार्यक्रमांसाठी निघून गेला. तो पाऊस, ती घंटा, तो गडगडाट त्यांच्या माघारी घातला गेला. 13 फेब्रुवारी 1970 ला, शुक्रवारी, अल्बम बाहेर आला. नावं ठेवायचं काम समीक्षकांनी चोख केलं. लोकांनी मात्र तो ब्रिटनच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत नेला.

पहिल्या गाण्यात मुळात तीनच स्वर आहेत. खालचा सा, वरचा सा, आणि मग तीव्र मध्यम. सा आणि तीव्र म यांच्यातल्या अंतराला युरोपीय संगीतात सैतानाचं नाव चिकटलेलं आहे. आपल्याकडे तोच तीव्र म यमनात रोज संध्याकाळी येतो आणि कुणाच्या अंगावर काटा येत नाही, तेव्हा दोष स्वराचा नाही. इथे तो ज्या संथपणे येतो, आणि आला की जागेवरच थरथरत राहतो, त्याने जीव घाबरतो. सैतानाची भक्ती वगैरे म्हणतात ती मला त्या गाण्यात सापडली नाही. गीझरने रात्री पलंगाच्या पायथ्याशी एक काळी आकृती पाहिली म्हणे, त्यावरून ते सुचलं. गाणारा माणूस चक्क घाबरलेला आहे आणि देवाचा धावा करतोय. अल्बमच्या आत कंपनीने उलटा क्रूस छापला तेव्हा बँडलाही तो आवडला नव्हता. रूममेटच्या आजीला हे समजावून सांगण्यात अर्थ नाही.

मला खरा धक्का बसला तो आयोमीच्या बोटांनी. सतरा वर्षांचा असताना तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. संगीतासाठी नोकरी सोडणार होता, शेवटचा दिवस होता. दुपारी जावंसं वाटत नव्हतं, आईने बजावलं की दिवस पुरा कर. यंत्रावरचा माणूस आलेला नव्हता म्हणून याला तिथे बसवलं. उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेच्या टोकांचा बळी गेला. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात उजवाच. डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. मग कारखान्यातल्या एका वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. जँगोचा हात आगीत भाजलेला, दोन बोटांवर वाजवायचा. आयोमीने भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बॅन्जोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैलही सोडल्या, त्याने आवाज आणखी खाली, आणखी जड झाला. जगभर ज्याला हेवी मेटल म्हणतात त्याच्या मुळाशी हा एक अपघात आहे.

उजवा हात. दोन बोटं. एका बोटाचा फरक.

मागच्या वर्षी 5 जुलैला त्याच चौघांनी अ‍ॅस्टनमध्येच, व्हिला पार्कवर, शेवटचा कार्यक्रम केला आणि 22 जुलैला ऑझी गेला. ऑगस्टमध्ये कॅन्टीनमध्ये त्यावरून विषय निघाला आणि मी आयोमीची गोष्ट सांगितली. रंगवून सांगितली. आणि मग, इतकी वर्षं जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते, 'माझ्या आबांची पण सेम' असं म्हणून सांगून टाकलं. लूम, बोटं, ढोलकी. टेबल गप्प झालं. मला फार भारी वाटलं. ज्या हाताची मला दहा वर्षं लाज वाटत होती तो हात आता मला मिरवता येत होता, कारण बर्मिंगहॅमच्या कुणा प्रसिद्ध माणसाचा तसाच होता. मग कुणीतरी विचारलं, "मग काका आता परत वाजवतात?"

मी म्हणालो, "हो."

गोष्टच तशी होती, 'नाही' म्हटलं असतं तर ती मोडली असती.

तर आता दिवाळी, सुरत, हेडफोन. गडगडाटानंतर गिटार आली तेव्हा आबांनी भुवया उंचावल्या. मी मोबाइलच्या पडद्यावर वेळ बघत होतो, आता ड्रम, आता ऑझी. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त आबांची मान किंचित हलताना दिसत होती. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "ढोलवाला शाना शे. घाई करत नही." बिल वॉर्डविषयी मी वाचलेल्या पानभर मजकुरापेक्षा हे नेमकं आहे. त्याला जॅझची सवय होती, तो गिटारच्या पुढे पळत नाही, थोडा मागे रेलून राहतो.

मग मी त्यांना आयोमीच्या टोपणांचा फोटो दाखवला आणि सगळी गोष्ट सांगितली, अहिराणीत, मोठ्याने. माय शेजारी साडीला स्टोन चिकटवत बसली होती, तिचाही हात थांबला. आबांनी फोटो मोठा करून बघितला, आणि हसले.

"त्याना शेवटला दिन व्हता," ते म्हणाले. "माना शेवटला दिन उनाच नही."

आणि मग, मी काही न विचारता, त्यांनी पहिल्यांदा तो दिवस सांगितला. रात्रपाळी होती. धाग्याचा गुंता चाकात अडकलेला. चालू लूममध्ये हात घालायचा नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पण लूम थांबवली की मीटर थांबतं, आणि त्या पंधरवड्यात माझी पुस्तकं, गणवेश, सगळंच आलेलं. हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, हिशोबातली एक ओळ सांगावी तसं. आपण ओरडलो होतो, पण आवाजात कुणालाच कळलं नाही. शेजारच्या कारीगराने कापडावर लाल बघितलं तेव्हा पट्टा काढला.

मी विचारलं, "आबा, असं टोपण करून बघावं असं वाटलं नाही कधी?"

मायच म्हणाली, "करेल व्हतं ना."

केलं होतं. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून, बोटांवर चढवून, दोऱ्याने बांधून. पुढच्या कानबाईच्या आधी दीड महिना, मी झोपल्यावर, गच्चीवर जाऊन सराव. मला काहीच माहीत नव्हतं. जमलं नाही. आबांनी समजावून सांगितलं, आणि इथे ते कारीगर माणसासारखे बोलले, दुःखी माणसासारखे नाही. तार नुसती दाबायची असते, तिला प्लास्टिक काय नि चामडं काय, चालतं. चाटीवर बोट पडतं आणि लगेच उठतं, त्या उठण्यात आवाज असतो. रबर उठत नाही, चिकटतं. "चप्पल वाजनी नुसती," ते म्हणाले. कानबाईच्या आठवडाभर आधी त्यांनी स्वतःच ढोलकी दुसऱ्याच्या घरी पोचवली. त्याचा हात बरा आहे, असंही सांगितलं, फक्त तिसऱ्या गाण्यानंतर पळतो.

म्हणजे कॅन्टीनमधल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, आबा परत वाजवत नाहीत. टाळ वाजवतात.

"हाई सगळं कराले कितला दिन लागनात त्यासले?" त्यांनी अल्बमविषयी विचारलं.

"एकच दिवस. बारा तास."

"म्हंजे एक पाळी." मग थोडा विचार करून, "पगार कितला?"

अल्बमला सगळा मिळून 600 पौंडांच्या आसपास खर्च आला असं सांगतात, तेवढं मी सांगितलं. मीटरमागे किती पडले ते काढता येत नाही म्हणून त्यांनी नाद सोडला आणि हेडफोन परत कानावर घेतला.

'एन.आय.बी.' या गाण्याआधी गीझर बटलर एकटाच बास वाजवतो. तिथे आबा सरळ बसले. जाड, खालचा, घुमणारा आवाज, मधे कुणाची लुडबूड नाही. त्यांच्या कानांना पूर्ण ऐकू येईल असं काही बऱ्याच वर्षांनी आलं असावं. डाव्या हाताने, ढोलकीच्या धुमेच्या हाताने, ते गुडघ्यावर हलकं काहीतरी धरत होते. मी बघतोय हे लक्षात आल्यावर थांबले. मी उगाच मायला स्टोनची पुडी उघडून द्यायला लागलो.

हे अंकात लिहू का, असं मी तेव्हाच विचारून घेतलं. "लिखी टाक," म्हणाले. "पन शेठनं नाव नको. येव्हार शे."

शेवटचं 'वॉर्निंग' दहा मिनिटांचं आहे आणि त्यात आयोमी एकटाच फार वेळ गिटार वाजवतो. माझ्या मते जरा जास्तच, पण रूममेटला हे सांगू नका. त्या लांबणीत आबा भिंतीला टेकले, मान कलली आणि घोरायला लागले. लूमवरची माणसं आवाजात झोपू शकतात, खात्यात बीमच्या ढिगाला टेकून दहा मिनिटं डुलकी काढायची सवयच असते. उजवा हात सतरंजीवर उघडा पडला होता. जागेपणी तो कधी असा उघडा नसतो. मधल्या बोटाच्या बुंध्यावर नख यायचा प्रयत्न झालाय, छोटंसं, वाकडं, तांदळाच्या दाण्याएवढं. इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं.

पडद्यावरची रेघ शेवटाला पोचली. अल्बम संपला. त्याच क्षणी आबा दचकून उठले, हेडफोन खाली ओढला आणि वरच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "लाइट गयी का?"